‘मूर्ती’ हा शब्द खोड

आयव्हरी कोस्टमधल्या बाउले लोकांच्या लाकडी आकृत्यांवरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. मेहनत दिसते, पण पहिल्याच ओळीतल्या ‘मूर्ती’पाशी मी अडलो. मूर्ती म्हटलं की आपल्या वाचकाला देव्हारा दिसतो, दर्शनाची रांग दिसते. बाउले माणसाच्या घरी ही लाकडी बाई त्याच्या झोपायच्या खोलीत असते, आल्यागेल्याच्या नजरेआड. बाउले भाषेत अशा आकृतीला ‘वाका स्रान’ म्हणतात, म्हणजे लाकडाचं माणूस. तेच लिही ना!

‘आत्मिक जोडीदार’ही नको, फार गुळचट आहे. सरळ नवरा-बायको म्हण. आपण जन्माला येण्याआधी ज्या जगात होतो ते ब्लोलो, आणि तिथे आपला जोडीदार मागे राहिलेला असतो, असं बाउले मानतात. बाईचा तो ब्लोलो बिआन, पुरुषाची ती ब्लोलो ब्ला. जोडीदारच तो, रुसतो, जळतो. मूल होत नाही, लग्न जमत नाही, म्हणून माणूस जाणत्याकडे जातो. जाणता सांगतो, तिकडची बायको नाराज आहे, तिला लाकडात घडवून घे. मग आठवड्यातली एक रात्र तिची. त्या रात्री माणूस एकटा झोपतो आणि ती स्वप्नात येते. इथल्या बायकोला हे ठाऊक असतं, ही गोष्ट तुझ्या टिपणात यायलाच हवी.

आता खरी अडचण. रानातल्या शक्तींसाठी, म्हणजे ‘असिये उसू’साठीही बाउले अशाच आकृत्या कोरतात. (नाव ऐकून आपल्या आसरा आठवतील. तो मोह आवर.) तीच लांब मान, तीच रेखीव केशरचना, त्याच भरदार पोटऱ्या; चेहऱ्यावरून फरक कळणं कठीण. म्हणून लाकडाचा पृष्ठभाग बघ. रानातल्या शक्तींच्या आकृतीवर बळीचं रक्त आणि नैवेद्य सुकून खरखरीत पुटं चढलेली असतात. जोडीदाराची आकृती हाताळून, पुसून, तेल लावून गुळगुळीत होते. तरी ठाम विधान करू नकोस. विकण्याआधी घासूनपुसून चकचकीत केलेले नगही बाजारात असतात.

कोट-टाय घातलेल्या लाकडी नवऱ्याला तू ‘परकीय प्रभावामुळे बिघडलेली कला’ म्हटलं आहेस. मला नाही पटत. शहरात नोकरी करणारा, नीटनेटका नवरा हवासा वाटला, तर तिकडचा नवरा तसा का नसावा?

दुसरा खर्डा पाठवशील तेव्हा आकृतीच्या पाठीचे आणि पायांचे फोटोही जोड. या वेळी नुसते चेहरेच आलेत.