इतका हळवा मुलगा, मग असं कसं बोलला?

“मांजरीचं पिल्लू मेलं तर दोन दिवस नीट जेवला नाही हा. आणि परवा शेजारच्या नव्या मुलाला तोंडावर म्हणाला, ‘तुम्ही लोक वेगळे आहात, आमच्यात यायचं नाही.’ ताई, माझा मुलगा निर्दयी होतोय का?” सांगताना त्या आईचा आवाज कापत होता. मुलगा सात वर्षांचा. शेजारी राहायला आलेलं कुटुंब दुसऱ्या वंशाचं, भाषाही वेगळी.

मी त्याला खेळणाऱ्या मुलांचं चित्र काढायला सांगितलं. हात धरलेली पाच मुलं काढली आणि पार कोपऱ्यात सहावा. त्याला डोळे-तोंड काहीच नव्हतं.

“याला काय वाटत असेल रे?”

“रडू येत असेल.” उत्तर लगेच आलं.

“मग?”

खडूवरचा कागद सोलत तो बराच वेळ गप्प बसला. “मी त्याला घेतलं तर मलापण काढतील.”

माया आटलेली नव्हतीच, ती टोळीच्या नियमापुढे गप्प बसली होती. मानसशास्त्रज्ञ ड्रू नेस्डेल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मुलांच्या अभ्यासात हेच दाखवलं: गटाचा नियम ‘सगळ्यांना घ्या’ असा असेल, तर हळवी मुलं परक्या वंशाच्या मुलांना जास्त आपलंसं करतात. नियमच ‘त्यांना घेऊ नका’ असा असेल, तर हळवेपणाचा उपयोग होत नाही. म्हणून ‘त्याला किती वाईट वाटेल!’ एवढंच सांगत राहणं मला अपुरं वाटतं. ते त्याला माहीत होतंच.

“आम्ही घरी असलं काही शिकवत नाही,” आई म्हणाली. मग थांबून स्वतःच म्हणाली, “ती माणसं लिफ्टमध्ये आली की मी याचा हात घट्ट धरते.” हे कबूल करायला धीर लागतो. मला तिच्याबद्दल फार आदर वाटला.

सुरुवात तिनेच केली, त्या मुलाच्या आईशी बोलायला लागली. मुलांसाठी आम्ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची युक्ती वापरली. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एकत्र आली होती आणि तणाव होता. अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होईना. इथे सहा मुलांनी मिळून पुठ्ठ्याचं जहाज करायचं ठरलं. प्रत्येकाकडे एकेका भागाचा नकाशा, शिडाचा त्या नव्या मुलाकडे.

पहिल्या दिवशी कुणी त्याच्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी शीड उभं राहीना, तेव्हा याने हाक मारली. नावाने.

महिन्याभराने आईचा फोन आला. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, कप्तान कोण होणार यावरून.