नव्या रुंद लॅपटॉपचा पडदा लावताना

अक्षरं बारीक दिसतात म्हणून तू रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचा आकडा, १३६६ × ७६८ वर आणलंस ना, तिथेच चुकलं बघ. तुझ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके कायमचे बसवलेले आहेत. आकडा कमी केलास की चित्र ताणलं जातं आणि सगळ्यात आधी मार खातात ते आपले अनुस्वार नि रफार. 'मंदिर' लिहून जवळून बघ, वरचं टिंब पसरलेलं दिसेल. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेलंच निवड आणि अक्षरं मोठी करायला स्केल १२५ टक्के कर. आईला वाचायचं असेल तर १५०.

जुन्या मॉनिटरचं १०२४ × ७६८ तर नकोच. त्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३, तुझ्या पडद्याचं १६:९. पूर्ण पडद्यावर ताणलंस तर गोल नाणंही अंड्यासारखं दिसतं.

मालवणात पडवीत बसून काम करतोस, तर समुद्र पाठीशीही नको आणि समोरही नको, बाजूला ठेव. दुपारी ब्राइटनेस पूर्ण आणि थीम उजळ. उन्हात काळ्या थीमवर स्वतःचाच चेहरा दिसतो. रात्री ब्राइटनेस उतरव, नाइट लाइट, म्हणजे पडद्याचा उजेड पिवळसर करणारी सोय, लाव. पण होमस्टेचे फोटो निवडताना तो बंदच कर, नाहीतर पांढरी वाळू पिवळी दिसेल नि तू उगाच रंग बदलत बसशील.

आणि हो, खाऱ्या वाऱ्याचा थर पडद्यावर बसतो. तो कोरडा घासू नकोस, चरे पडतात. लॅपटॉप बंद करून, मऊ कापड जेमतेम ओलं करून हलक्या हाताने पूस.