पोहता येत नाही. सांगलीहून मालवणला स्नॉर्कलिंगला जायचंय. कोणती बोट घ्यावी, तयारी काय करावी?

सकाळची पहिली, कमी माणसांची आणि पाण्यात प्रत्येकाजवळ गाईड उतरवणारी बोट घ्या. पोहता आलं नाही तरी लाइफ जॅकेटवर आरामात तरंगता येतं. दर हिवाळ्यात सांगलीहून एक गट घेऊन जातो, त्यावरून सांगतो. दुपारी वारा सुटतो, लाटा वाढतात आणि पाणी ढवळलं की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे मासे-प्रवाळ नीट दिसत नाहीत. पैसे देण्याआधी जॅकेटचे बक्कल लावून बघा, तुटकं निघालं तर सरळ दुसरी बोट. दरावर घासाघीस नंतर.

मास्क मात्र स्वतः तपासा: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बरोबर. भरघोस मिशी असेल तर थोडं पाणी शिरणारच. स्नॉर्कलच्या नळीतून (तिचं वरचं टोक पाण्याबाहेर राहतं) तोंडाने श्वास घ्यायची सवय घरी बादलीत तोंड बुडवून करा, हसू नका, उपयोग होतो. कृष्णेत पट्टीचे पोहणारेही इथेच गडबडतात.

- रात्रीच निघत असाल तर घाटात आणि बोटीत मळमळू नये म्हणून गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी
- नाश्ता हलका. मिसळ परत आल्यावर
- पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, कारण पाठ भाजते
- प्रवाळावर पाय टेकायचा नाही

दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पावसाळ्यात हे बंदच असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी बघा.