नैरोबीला निघण्याआधी

प्रिय मित्रा,

स्वयंसेवक म्हणून नैरोबीला जायचं नक्की झाल्याचा तुझा मेसेज वाचला. आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. परवा फोनवर तू विचारलंस, "दादा, इथे राहतो तसाच तिथे राहिलो तर चालेल ना?" तेव्हा मी 'लिहून कळवतो' म्हणालो. फोनवर दोन वाक्यांत काही सांगितलं असतं, तर तू एक तर उगाच घाबरला असतास नाही तर फार निर्धास्त झाला असतास.

६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा तू अकरावीत होतास. म्हणजे कळत्या वयात तू कायद्याच्या नजरेत कधी गुन्हेगार नव्हतास. घरी तुला खूप सोसावं लागलं, ते मी पाहिलंय. पण दारावरची थाप पोलिसाची तर नसेल, या धास्तीत तुला कुणावर प्रेम करावं लागलं नाही. आम्हाला लागलं. आता तू अशा देशात चालला आहेस जिथे ती धास्ती अजून आहे, आणि तिची तुला सवय नाही. माझ्या काळजीचं मूळ हेच आहे.

कायदा आधी समजून घे. केनियाच्या दंडसंहितेत १६२ व्या कलमाखाली समलिंगी शरीरसंबंधांना १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि १६५ व्या कलमाखाली पुरुषापुरुषांमधल्या 'असभ्य वर्तना'ला ५ वर्षं. १६२ ची भाषा वाचलीस तर चमकशील, कारण 'निसर्गक्रमाविरुद्ध' हे आपल्या जुन्या दंडविधानाच्या ३७७ व्या कलमातलेच शब्द तिथेही आहेत. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत सुरुवातीला आपला भारतीय दंडविधानच लावला होता. १९३० मध्ये तिथली वेगळी संहिता आली, तरी हे शब्द राहिले. २४ मे २०१९ ला तिथल्या उच्च न्यायालयाने ही कलमं कायम ठेवली. अर्जदारांनी आपल्या २०१८ च्या निकालाचा दाखला दिला होता, तो न्यायमूर्तींनी मानला नाही. पण २४ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची नोंदणी नाकारता येणार नाही. म्हणजे संघटना काढता येते, तिच्या दारावर पाटी लावता येते, पण रात्री दोघं एकत्र झोपले तर तो गुन्हा. या विसंगतीतच तिथली माणसं रोज जगतात. तुलाही तसंच जगावं लागेल.

प्रत्यक्षात या कलमांखाली खटले फार थोडे उभे राहतात. कायद्याचा धाक दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार मात्र सर्रास होतात. त्याबद्दल पुढे लिहितो.

निघण्याआधी संस्थेच्या समन्वयकाशी एकदा स्पष्ट बोल. तुझ्याबद्दल सांगायचं की नाही हे तू ठरव, पण हे तीन प्रश्न विचारच: माझी खाजगी माहिती तिथल्या कार्यालयात कुणाकुणाला दिसेल, घर कुणासोबत शेअर करायचं आहे, आणि अडचण आली तर मध्यरात्री फोन कुणाला करायचा. त्या माणसाने विषय टाळला, तर तेही एक उत्तरच आहे. आणि परमिट हातात आल्याशिवाय कामाला लागू नकोस. तिथे स्वयंसेवकालाही ते लागतं. पर्यटकाच्या परवान्यावर 'थोडे दिवस चालवून घे' असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हण. ज्याचे कागद कच्चे असतात, त्यालाच दमदाटी करणं सोपं जातं.

मी तिथे २०१३ च्या जूनपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत होतो. पहिला महिना नुसता गोंधळात गेला. स्वाहिली घड्याळ पहाटे सहापासून मोजतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 'सा तातू' म्हणजे शब्दशः तिसरा तास, म्हणून मी दुपारी तीनला हजर झालो. मंडळी सकाळी नऊपासून माझी वाट पाहत बसली होती. कुणी रागावलं नाही. 'पोले' म्हणाले. हा शब्द तुला रोज ऐकू येईल. ठेच लागली, बस चुकली, घरात कुणी गेलं, सगळ्याला पोले. 'अरेरे, वाईट झालं' आणि 'मी आहे' हे दोन्ही त्यात येतं. भाषा शीक, मनापासून शीक. अर्धे शब्द तुझ्या तोंडात आधीपासून आहेत: दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, हेसाबू म्हणजे हिशेब, साबुनी म्हणजे साबण, लाकी म्हणजे लाख. 'शोगा' हा शब्द मात्र सांभाळून घे. किनाऱ्याकडच्या बायका जिवलग मैत्रिणीला प्रेमाने शोगा म्हणतात, आणि बाकी ठिकाणी तोच शब्द आपल्यासारख्यांच्या अंगावर शिवीसारखा फेकला जातो. कुणी म्हटला की मान वळवून बघू नकोस.

११ डिसेंबर २०१३ ची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. दुसऱ्या दिवशी केनियाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. शहरभर काळे-लाल-हिरवे झेंडे होते. आमच्या मटाटूच्या, म्हणजे तिथल्या वडापच्या, आरशालाही एक लटकत होता आणि गाणी कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात लागली होती. फोन थरथरला. पुण्याहून मित्राचा मेसेज: 'हरलो.' २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ३७७ मधून जी सुटका दिली होती, ती सुप्रीम कोर्टाने परत घेतली होती. मी ज्या देशात बसलो होतो तिथे गुन्हेगार होतोच, आता ज्या देशात परत जायचं तिथेही झालो. गाडीतले सगळे हसत होते, टाळ्या देत होते, आणि मला श्वास घेता येईना.

ऑफिसात एकच सहकारी असा होता ज्याला माझं माहीत होतं आणि मला त्याचं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मला खालच्या टपरीवर नेलं. तिथला चहा दुधातच उकळतात, अगदी आपल्यासारखा. चपातीही आपलीच, जरा जाड आणि तेलकट. ती समोर आल्यावर मी त्याला बातमी सांगितली. "पोले," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुम्ही कोर्टात जाऊन हरलात. आम्ही या कलमांविरुद्ध कोर्टाची पायरीसुद्धा चढलेलो नाही." तो माझी समजूत काढत नव्हता. आपण कुठे उभे आहोत एवढंच सांगत होता. त्या दिवसापासून तो माझा मित्र झाला.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला अकरा-बारा वर्षं लागली.

जानेवारी २०१४ मध्ये बिन्यावांगा वाइनाइना या केनियाच्या नामवंत लेखकाने आपण गे असल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांत, रेडिओवर, मटाटूत, सगळीकडे तीच चर्चा. कुणी शिव्या देत होतं, कुणी चकित होतं, आणि आम्हा चारपाच जणांना आकाश ठेंगणं झालं होतं. त्या शनिवारी माझ्या मित्राच्या खोलीवर आम्ही जमलो. मी फोटो काढला. एकमेकांच्या खांद्यावर हात, मागे खिडकीला त्याचा पिवळा पडदा. रात्री तो फोटो मी फेसबुकवर टाकला, खाली त्या लेखकाचं नाव आणि एक इंद्रधनुष्य. कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, आता घाबरायचे दिवस संपले.

तो पिवळा पडदा घरमालकाच्या ओळखीच्या कुणीतरी ओळखला. आठवड्याच्या आत मित्राला खोली सोडावी लागली. डिपॉझिट बुडालं. तो दोन महिने चुलतभावाच्या घरी जमिनीवर झोपला आणि त्या भावालाही खरं कारण सांगू शकला नाही. मला कुणी एक शब्द बोललं नाही. माझ्या घरमालकिणीने नेहमीसारखं हसून जाम्बो केलं. मे महिन्यात माझी मुदत संपली, मी विमानात बसलो आणि घरी आलो. तो तिथेच राहिला.

म्हणून तुला कळकळीने सांगतो. तू शूर आहेस, मोर्च्यात पहिल्या रांगेत असतोस, मला तुझा अभिमान आहे. पण तुझ्याकडे परतीचं तिकीट आहे, परदेशी पासपोर्ट आहे, पाठीशी संस्था आहे. नैरोबीत तुझ्या धाडसाची किंमत बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी चुकवेल. कुणाचाही फोटो, नाव, घराची खूण, भेटीची जागा त्याला विचारल्याशिवाय कुठेही जाऊ देऊ नकोस. आपल्या खाजगी ग्रुपवरसुद्धा नाही. गप्प राहताना तुला लाज वाटेल, आपण पुन्हा लपतोय असं वाटेल. तसं वाटलं की मला फोन कर. आमची पिढी गप्प बसली ती बरेचदा शरमेने. तू गप्प राहशील ते समोरच्याच्या छपरासाठी. हा फरक मला फार उशिरा कळला.

डेटिंग अ‍ॅपवर भेटणाऱ्यांबद्दल. चांगली माणसं भेटतात, एकटेपणा खरा असतो, आणि 'वापरू नकोस' म्हणालो तर तू ऐकणार नाहीस. पण तिथे खोट्या प्रोफाइलने बोलावून, खोलीत आणखी दोघे-तिघे आणून, 'पोलिसांना बोलावू का' म्हणत लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत. पहिली भेट दिवसाढवळ्या, गजबजलेल्या कॅफेत. निघण्याआधी एका माणसाला जागा आणि वेळ कळव. व्हिडिओ कॉलला तयार नसेल त्याला भेटायचंच नाही. अनोळखी माणसाला एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, पैसे पाठवू नकोस. तिथे भाजीवाल्यापासून भाड्यापर्यंत सगळं एम-पेसावर चालतं, पण पैसे गेले की समोरच्याला तुझं नोंदणीतलं नाव दिसतं. आणि कुणी धमकावलंच, तर पैसे देऊन प्रकरण मिटत नाही, मागणी वाढत जाते. समन्वयकाला सांग, आपल्या उच्चायुक्तालयाचा नंबर जवळ ठेव. समलिंगी लोकांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्था खुद्द नैरोबीत आहेत. २०२३ चा खटला जिंकणारी त्यांतलीच एक.

या संस्थांशी ओळख कर, पण वाट दाखवायला म्हणून जाऊ नकोस. आपल्याकडे ३७७ असतानाच्या काळात बाहेरून कुणी येऊन आम्हाला धैर्य शिकवायला लागलं की आमचं काय व्हायचं, ते मला आठवतं. 'गाल्क' ही तिथल्या संघटनांची आघाडी २००६ पासून काम करते आहे. त्यांना एक्सेल भरणारा, अहवालाचा मसुदा नीट करून देणारा माणूस हवा असेल तर तो हो. बैठकीत पहिले दोन-तीन महिने नुसतं ऐक.

तब्येतीचं थोडक्यात: एचआयव्ही टाळण्याची प्रेपची गोळी केनियाच्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आहे. पण इथून निघतानाच तपासण्या करून घे आणि डॉक्टरांशी बोलून ठेव. यलो फीव्हरची लस ठराविक केंद्रांवरच मिळते, ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायला हवी. लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. आणि स्वेटर घे. आफ्रिका म्हटलं की सगळे सुती कपडे भरतात. नैरोबी जवळपास १,८०० मीटर उंचीवर आहे, जुलैत महाबळेश्वरसारखं गारठायला होतं.

आपली माणसं तिथे भेटतील. पार्कलँड्समध्ये गेलास तर पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं, गुजराती तर कानावर पडेलच. मराठी घरंही आहेत, गणपतीत आरतीला जा, मोदक खा. मी त्या आरतीत रडलो होतो. पण तिसऱ्या भेटीत काकू लग्नाचं काढणार, आणि तिथली बातमी संध्याकाळपर्यंत तुझ्या आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेली असणार. काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेव. आईला फोन मात्र चुकवू नकोस. आपण अडीच तास पुढे आहोत, तुझे साडेसहा म्हणजे तिचे नऊ, मालिका संपायची वेळ.

शनिवार-रविवार खायला उठतील. तेव्हा करुरा जंगलात जा, तुझ्या गिगिरीच्या ऑफिसपासून जवळच आहे. बिल्डरांच्या घशात चाललेलं ते जंगल केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई यांनी लढून वाचवलं. १९९९ मध्ये तिथे झाड लावायला गेल्या तेव्हा त्यांचं डोकं फोडलं होतं. बांबूच्या वाटेने धबधब्यापर्यंत चालत जा. माझी पहिली दोन महिन्यांची रडारड त्या वाटेने ऐकली आहे.

आणि जेवणाचं विचारलं होतंस. 'न्देंगू' म्हणजे आपले हिरवे मूग, कांदा-टोमॅटोत शिजवलेले. चपातीबरोबर कुठल्याही खानावळीत मिळतात. फक्त त्यात मसाला नसतो. माझा तो मित्र अजून नैरोबीतच आहे. मी येताना उरलेला गोडा मसाला त्याला देऊन आलो होतो. गेल्या दिवाळीत त्याने विचारलं, तो 'काळा मसाला' पुन्हा मिळेल का. आईने पाव किलो कुटून ठेवलाय, तुझ्या बॅगेत जागा कर.

त्याचा नंबर तुला आत्ता देत नाही. तुझ्याबद्दल सांगून, देऊ का म्हणून त्याला विचारलंय. त्याचं उत्तर आलं की कळवतो.

तुझा,
दादा