युक्रेनमधील द्नीप्रो हे शहर कशासाठी ओळखले जाते?

मध्य-पूर्व युक्रेनमधील द्नीप्रो हे त्याच नावाच्या नदीच्या दोन्ही काठांवर, समारा नदीच्या संगमाजवळ वसलेले, सुमारे 10 लाख वस्तीचे औद्योगिक शहर आहे. 1776 मध्ये रशियन सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या नावाने येकातेरिनोस्लाव म्हणून त्याची स्थापना झाली, 1926 मध्ये ते द्नेप्रोपेत्रोव्स्क झाले आणि 2016 पासून सध्याचे नाव अधिकृत आहे.

शहराचे खरे नशीब मात्र 1884 मध्ये उघडले, असे माझे मत आहे. त्या वर्षी येथे नदीवर दुमजली पूल झाला, ज्याच्या खालच्या मजल्यावरून रेल्वे आणि वरून रस्ता जातो; त्यामुळे पूर्वेकडील दोनबास प्रदेशाचा कोळसा आणि नदीपलीकडच्या क्रिवी रीह शहराजवळचे लोहखनिज एकमेकांशी जोडले गेले आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले.

सोव्हिएत काळात येथील युझमाश कारखान्यात क्षेपणास्त्रे आणि अवकाश प्रक्षेपक तयार होत असल्याने परदेशी नागरिकांना 1987 पर्यंत शहरात प्रवेश नव्हता. भुयारी रेल्वे 1995 मध्ये सुरू झाली, पण तिची स्थानके अवघी सहा. (शहराच्या विस्ताराच्या मानाने हे फारच थोडे.)

आपल्याकडील अनेकांनी हे नाव वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांमुळे ऐकले असेल. 2022 पासूनच्या युद्धात पूर्वेकडून येणाऱ्या विस्थापितांचे आणि जखमींच्या उपचारांचे हे मोठे केंद्र बनले आहे, आणि शहरावरही वारंवार हल्ले झाले आहेत. जानेवारी 2023 मध्ये एका निवासी इमारतीवर क्षेपणास्त्र पडून 40 हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले.