'स्फटिकजल' म्हणजे नेमके कुठले पाणी?

प्रश्न असा आला आहे: क्रोमियम क्लोराइडच्या बाटलीवर सूत्राच्या शेवटी ठिपका देऊन पाण्याचे सहा रेणू लिहिलेले असतात. मराठीत लिहिताना त्या सहाही रेणूंना 'स्फटिकजल' म्हणावे का?

बाटलीवरच्या सूत्रापुरते खुशाल म्हणा. पण संयुगाच्या रचनेबद्दल लिहीत असाल, तर तिथे हा शब्द वाचकाला चुकीच्या वाटेला लावतो.

आधी समास सोडवू. 'स्फटिकातील जल' असा विग्रह केला तर शब्द फक्त ठिकाण सांगतो, आणि त्याबद्दल तक्रार नाही. अडचण शाळेतल्या मोरचुदाने, म्हणजे कॉपर सल्फेटने, केली आहे. निळे खडे परीक्षानळीत तापवले, पाणी उडाले, पांढरी भुकटी उरली. दोन थेंब टाकले की ती पुन्हा निळी. हे इतके ठसलेले असते की 'स्फटिकजल' ऐकताच सैल धरलेले, तापवले की मुकाट्याने निघून जाणारे पाणी डोळ्यांसमोर येते. खरे तर मोरचुदातही पाचांपैकी चार रेणू थेट तांब्याला जोडलेले असतात. पाचवा तेवढा सल्फेटजवळ हायड्रोजन बंधांनी अडकलेला.

आता क्रोमियम. नेहमी मिळणारे स्फटिक गडद हिरवे असतात. त्यात क्रोमियमभोवती अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांपैकी चारांवर पाणी आणि समोरासमोरच्या दोहोंवर क्लोरीन बसलेले असते. तिसरा क्लोराइड आयन आणि पाण्याचे उरलेले दोन रेणू या घराबाहेर. जांभळ्या प्रकारात सहाही कोपरे पाण्याचे आणि तिन्ही क्लोराइड बाहेर. यांच्यामधला एक निळसर हिरवा प्रकार आहे: पाच पाणी, एक क्लोरीन आत. तिन्हींचे एकूण सूत्र एकच, म्हणून ते एकमेकांचे समघटक. म्हणजे जांभळ्या स्फटिकात रूढ अर्थाचे, सैल असे स्फटिकजल एक रेणूभरही नाही!

हा भेद नुसता कागदावरचा नाही. हिरव्या स्फटिकांचे थंड पाण्यात ताजे द्रावण करून लगेच सिल्व्हर नायट्रेट घाला. तीनपैकी एकाच क्लोराइडचा पांढरा अवक्षेप चटकन पडतो, कारण बाकीचे दोन धातूने धरून ठेवलेले आहेत. जांभळ्याच्या द्रावणात तिन्ही पडतात. साधे हिरवे द्रावण तसेच ठेवले, तर पाणी एकेका क्लोरीनची जागा घेत जाते आणि रंग सावकाश निळसर होत जांभळ्याकडे झुकतो. 'सावकाश' हा शब्द इथे महत्त्वाचा: या क्रोमियमची पकड सुटायला वेळ लागतो. म्हणूनच हे प्रकार वेगवेगळे हाती येतात.

आणि तापवले तर? मोरचुदासारखे होत नाही. पाण्याबरोबर हायड्रोजन क्लोराइडही बाहेर पडतो, त्यामुळे नुसत्या उष्णतेने शुद्ध निर्जल क्लोराइड मिळत नाही. त्यासाठी थायोनिल क्लोराइडसारखे पाणी ओढून घेणारे रसायन लागते.

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवतो. धातूला जोडलेले ते 'सहसंबद्ध जल', जालकात, म्हणजे स्फटिकातल्या कणांच्या नियमित मांडणीत, नुसते सामावलेले ते 'जालकजल'. 'सहसंबद्ध'मध्ये बंध् ('बांधणे') हे क्रियापदाचे मूळ आहे, आणि क्रोमियमसारख्या धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूंना व आयनांना आपण लिगंड म्हणतो तो शब्दही 'बांधणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलेला. दोन्ही भाषांनी एकच प्रतिमा निवडली, हे मला फार आवडते. 'स्फटिकजल' दोघांचे सामायिक नाव म्हणून राहू दे.

तेव्हा तुमचे वाक्य असे करा: 'हिरव्या क्रोमियम क्लोराइडात पाण्याचे सहा रेणू असतात, त्यांपैकी चार सहसंबद्ध जलाचे, दोन जालकजलाचे.'