थीम घेऊन योगवर्ग कसा आखायचा?

तुम्ही लिहिलंय की योगशिक्षकाचा कोर्स नुकताच झालाय, सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळची तासाभराची बॅच मिळाली आहे आणि शनिवारचा वर्ग एखाद्या थीमवर घ्यायचा आहे. बॅचमध्ये बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे. मीही अशाच बॅच घेते, म्हणून सांगते.

कृतज्ञता, स्वीकार, अंतर्यात्रा वगैरे निदान सध्या बाजूला ठेवा. ऐकायला छान वाटतं, पण त्रिकोणासनात मांडी थरथरत असताना माणसाने कृतज्ञतेचं नेमकं करायचं काय? शरीरात बोट ठेवून दाखवता येईल अशी थीम घ्या. उच्छ्वास, खांद्याची पाती, कंबरेचा पीळ, तळपाय. मी तुमच्या जागी असते तर तळपायापासूनच सुरुवात केली असती.

तयारी हॉलच्या दारातच होते. सगळ्यांच्या चपला बाहेर असतात, त्या उलट्या करून बघायला सांगा. कोणाची टाच बाहेरून झिजलेली, कोणाची आतून. आपण वजन कुठे टाकतो ते एका मिनिटात कळतं, वेगळं भाषण लागत नाही.

मग ताडासन, आणि ते घाईने उरकू नका. टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, या तिन्ही ठिकाणी वजन सारखं आहे का ते शोधू द्या. डोळे मिटवून अंग किंचित पुढे-मागे झुलवायला सांगा (ज्यांचा तोल जातो ते भिंतीपाशी). त्रिकोणासनात मागच्या पायाची बाहेरची कड हमखास उचलली जाते. ती दाबायला लावली की गुडघा आणि कंबर बरीचशी आपोआप सुधारते. वीरभद्रासन दोनमध्येही तीच कड बघा. वृक्षासनात सगळ्यांचं लक्ष उचललेल्या पायाकडे असतं, तुम्ही ते जमिनीवरच्या पायाकडे वळवा: घोटा कसा सतत बारीक बारीक तोल सावरतोय ते बघू द्या. वर घेतलेलं पाऊल गुडघ्यावर मात्र टेकू देऊ नका, एक तर मांडीवर किंवा पोटरीवर. अधोमुख श्वानासनात (हातपाय जमिनीवर, कंबर वर) टाचा टेकत नसतील तर खाली घडी घातलेली चादर द्या. ज्यांना तळहातांवर भार झेपत नाही, त्यांना खुर्चीवर हात टेकवून करू द्या.

सेतुबंधात, म्हणजे पाठीवर पडून कंबर उचलताना, पावलं बाहेर फिरतात, तेवढंच सांभाळा. शेवटी पाय भिंतीवर वर सोडून पडायचं, म्हणजे तासभर राबलेल्या तळपायांवरचा भार जातो. काचबिंदू असलेल्यांना किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांना हे नको. त्यांनी आडवं पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात आणि गरज वाटली तर डोक्याखाली उशी घ्यावी. शवासनाला किमान आठ मिनिटं राखून ठेवा आणि तेव्हा थीमबद्दल एक अक्षरही बोलू नका. शिक्षकाची जीभ नेमकी तिथेच सुटते!

बोलणं एकूणच कमी. सुरुवातीला दोन वाक्यं, प्रत्येक आसनात तळपायाची एक सूचना, बस. सूत्र सांगायचा मोह होत असेल तर योगसूत्रातलं एकच, ‘स्थिरसुखमासनम्’ (२.४६), म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, तेही वृक्षासनानंतर.

सणांच्या थीमबद्दल विचारलंय. नवरात्रात रोजच्या रंगाचे टी-शर्ट घालून या म्हटलं तर मजा येते, फोटोही छान येतात, पण ती थीम कपड्यांची झाली. रथसप्तमीचं तसं नाही. सूर्यनमस्काराची मित्रापासून भास्करापर्यंत बारा नावं आहेत, दर नावाला एक नमस्कार घातला की वर्ग आपोआप आखला जातो. मात्र त्या दिवशी १०८ घालायची जी हौस असते ती तुमच्या बॅचसाठी नाही. बारा पुरेत, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची घेऊन सहा. हनुमान जयंतीला हनुमानासन (एक पाय पुढे, एक मागे सरळ पसरून बसायचं) हाही तसलाच प्रकार; मांडीमागचे स्नायू वर्षभर तयार केले नसतील तर एका सकाळी ते आसन मागू नका.

दर शनिवारी नवीन थीम लागते असं नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या अनेक वर्गांत महिन्याची ढोबळ वाटणी असते: एक आठवडा उभ्याची आसनं, एक पुढे वाकण्याची, एक मागे वाकण्याची, एक प्राणायामाचा. तळपाय हा विषय चारही आठवडे चालवता येतो. पुढे वाकताना पश्चिमोत्तानासनात टाच लांब ढकलायची, मागे वाकताना भुजंगासनात पावलांची वरची बाजू जमिनीत दाबायची. प्राणायामाच्या आठवड्यात तळपाय सोडा आणि उच्छ्वास घ्या.